काकीची सावड

काकीला स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विचारली तर म्हणायची, "कापणीच्या आसपासचा हाय बघ." नवरा जाऊन किती वर्षं झाली तेही तिला धड सांगता यायचं नाही. पण लावणीला कोण कुणाच्या शेतावर किती दिवस गेलं आणि त्यातले किती दिवस परत आले, हे मात्र गेल्या दहा-बारा वर्षांचं तोंडपाठ. एकदा नेरळला दिलेली गावची एक मुलगी माहेरपणाला आली, तर काकीने तिला रस्त्यातच गाठलं. "तू पोटुशी व्हतीस तवा तुझा दिवस चंद्रीनं भरला व्हता. आता चंद्रीचा हात मोडलाय. उद्या तिच्याकडं जायचं हाय तुला." मुलगी बिचारी नव्या साडीत, हातात मिठाईचा खोका. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलात उभी होती.

आमचं गाव कडावच्या जवळ, भाताचं. लावणी एकट्यादुकट्याने होत नाही; चिखलणी झाली की चार दिवसांत रोप जमिनीत गेलं पाहिजे. म्हणून सावड. आज दहा घरची माणसं तुझ्या शेतावर, उद्या तू त्यांच्या. मजुरी नाही, फक्त ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. आसपासच्या गावांतून ही पद्धत गेली. कुणी मजूर लावले, कुणी शेतच विकून मोकळे झाले. आमच्याकडे टिकली ती काकीच्या जिभेच्या जोरावर. ती माझी सख्खी काकी नव्हे, वडिलांच्या चुलतभावाची बायको. पण सगळं गाव तिला काकीच म्हणायचं, तिच्याहून थोरल्या बायासुद्धा. लावताना ओळीत सगळ्यात पुढे ती, आणि मागे न बघता तिला कळायचं कुणाचा हात आळसावलाय. "अगं ए बये, भात लावतेस का नवऱ्यावरचा राग काढतेस?"

कुणी म्हणालं, "काकी, माझे दिवस फिटले बाई सगळे," तर तिला मनापासून राग यायचा. "पैसा फिटतो. दिवस फिटत नाय, दिवस फिरतो," असं ती म्हणायची. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आणि चारचौघांत कौतुकाने सांगितलंही. ह्याच वाक्याने तिचा घात केला. हे लिहितानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तो माणूस आला मे महिन्यात. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात टाय, आमच्याकडच्या उकाड्यात! खोपोलीचा की आणखी कुठला, ते शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. सगळे त्याला 'सर' म्हणायचे आणि तो सगळ्यांना 'लीडर' म्हणायचा. कुठल्याशा कंपनीचा जांभळा रस तो विकत होता. रस प्या, गुडघे बरे होतात, साखर उतरते. आणि आपल्याखाली दोन माणसं जोडा, त्यांनी आणखी दोन-दोन जोडायची, की घरबसल्या पैसा. बेटा हुशार. सरपंचाकडे गेला नाही, शाळेत गेला नाही. दोन दिवस चहाच्या टपरीवर बसून त्याने एवढंच शोधून काढलं, की ह्या गावात कुणाच्या एका हाकेवर वीस बाया घराबाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी तो काकीच्या ओटीवर होता.

खोपोलीच्या हॉलमधल्या मीटिंगला काकीला मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो. सुट्टी होती, म्हटलं बघू तरी काय तमाशा आहे. पडद्यावर गोल काढलेले. वर एक, खाली दोन, त्याखाली चार, त्याखाली आठ. लोक प्रत्येक ओळीला टाळ्या वाजवत होते. आणि मध्येच काकी उभी राहिली. माइक मागितला नाही. तिला माइक कधी लागलाच नाही.

"सर, ही जी सगळ्यात खालची बाई हाय, तिच्या शेतावर कोन जानार?"

हॉल हसला. मीही हसलो. सर हसत हसत म्हणाला, "काकी, सगळ्यात खाली कुणी नसतंच! साखळी फिरत राहते."

फिरत राहते म्हटल्यावर विषयच संपला. काकीने मान डोलावली आणि खाली बसली. अरे देवा! पुढे अशा कंपन्यांवर निघालेल्या एका डॉक्युमेंटरीत दोन मोठ्या तज्ज्ञांनी आलेख काढून वीस मिनिटं जे समजावलं, ते ह्या चौथी शिकलेल्या बाईने एका वाक्यात विचारलं होतं. प्रश्न नेमका विचारला आणि उत्तर मात्र भलत्या माणसाचं खरं मानलं. बाहेर आल्यावर मला म्हणते, "दिनू, ही तर आपली सावडच हाय रं. शहरातली, एवढंच."

मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. दिवसभर नमुने तपासायचे, हाच धंदा. तो रसही तपासला. साखर, रंग, आंबटपणाची पूड आणि पाणी. संध्याकाळी तिच्या ओटीवर गेलो तर ती गुडघ्याला तेल चोळत बसलेली. "काकी, साखरेचं पाणी आहे हे," मी म्हणालो.

"मंग साखरेचं पानी वाईट असतं का? तुमच्या कारखान्यात जे बनवता ते पितोस का तू?"

"गुडघा उतरला का तुझा?"

"उतरंल. भात काय लावल्या लावल्या पिकतं?"

मी उठून घरी आलो.

पावसाच्या आत तिच्या नावाखाली बावीस बाया जोडल्या गेल्या. कुणी प्लॅन ऐकला नाही, कुणी कागद वाचला नाही. काकी बोलली ना, मग झालं. त्यांत डोंगराखालच्या कातकरवाडीतली सोमी होती. सोमी आमच्या गावात लावणीला यायची, पण मजुरीने. सावडीत ती कधीच नव्हती, कारण सावडीला स्वतःचं शेत लागतं आणि सोमीकडे शेत नव्हतं. पुढच्या मीटिंगला काकीने तिला खोपोलीच्या हॉलमध्ये आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. सोमी नंतर माझ्या बायकोला, सुनंदाला, सांगत होती, "काकीनं माझं नाव तुमा बायांच्या नावांत लिवलं." रसाबद्दल तिने एक शब्द काढला नाही. मोहाची फुलं आणि करवंदं विकून गाठीला बांधलेलं सगळं तिने त्या बाटल्यांत घातलं होतं.

दिवाळीपर्यंत सरचा फोन बंद. हॉल मंडपवाल्याने घेतला आणि खुर्च्यांनी भरून टाकला. चौकीत अर्ज दिला, तो आजतागायत कुठल्या कपाटात आहे ते देवाला ठाऊक. घराघरांत फडताळावर जांभळ्या बाटल्यांच्या रांगा. बाया काकीला तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण दुपारच्या तिच्या ओटीवर येऊन बसायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. काकी सूप घेऊन एकटीच तांदूळ पाखडत बसलेली दिसायची. जिच्यावर ओरडावं अशी समोर कुणी नव्हती, आणि तिला ते सोसत नव्हतं.

पुढच्या लावणीच्या आधी ती घरोघर फिरली आणि सांगून आली, "माझ्या नावाखाली आलात, तर तुमचा दिवस माझ्यावर हाय. बाईमागं तीन दिवस. मी येते." तीनच का, हे विचारायची सोय नव्हती. साठी उलटलेली बाई, गुडघे सुजलेले, आणि बावीस घरांचे दिवस एकटीच्या अंगावर! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे संन्यासीणच आपला फास घेऊन दारोदार चालली होती. मी तिच्यावर ओरडलो, "अगं, तुलाच फसवलंय त्यांनी!"

"मला सरनं फशिवलं. ह्यांना कोनी? मी," ती म्हणाली, आणि गुडघ्याला फडकं बांधून निघाली.

मी बायांवर संतापलो. एकेकीच्या दारात जाऊन बोललो, म्हाताऱ्या बाईला राबवून घेता, लाज नाही वाटत? त्या मान खाली घालून ऐकायच्या. एक तेवढी म्हणाली, "नको म्हनलं तर काकी जेवत नाय. आमी काय करू, सांग." मला ते काही पटलं नाही. मग एक दिवस पहिली पाळी करून घरी आलो, तर आमच्याच खाचरात, ओळीच्या पुढे, काकी. सुनंदाचं नाव त्या बावीस जणींत होतं आणि घरात मलाच माहीत नव्हतं. "तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही बाटली तपासायला नेली असती," सुनंदा म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर? काकीने वाकल्या वाकल्या विचारलं, "दिनू, आज तुमच्याकडं जेवन काय हाय रं?"

बाकी सगळ्यांचे दिवस भरता येत होते. अडलं सोमीपाशी. तिला शेतच नाही, दिवस द्यायचा कुठे? मी म्हणालो, मजुरी देऊन टाक. तर म्हणे, "म्हंजे ती परत मजूरच झाली ना?" उन्हाळ्यात काकी पळसदरी स्टेशनाबाहेर सोमीबरोबर करवंदं विकायलाही बसून आली होती, पण तो दिवस तिने स्वतःच बाद केला. बसून दिलेला दिवस तो दिवसच नव्हे. शेवटी त्याच लावणीत तिने ओढ्याकडचं आपलं एक खाचर सोमीला दिलं. "हे आजपास्नं तुझं. आता तुला शेत हाय. आता मी तुझ्या शेतावर येते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच, कालपर्यंत स्वतःच्या असलेल्या खाचरात बाई सावडीला हजर! दिवस फेडायचे म्हणून जमीन देणारी दुसरी बाई माझ्या तरी पाहण्यात नाही.

"निदान कागद तरी कर," मी म्हणालो.

"सावडीला कागद लागतो का रं?"

कपाळ माझं! सोमीने त्या दिवशी जेवण आणलं होतं, भाकरी आणि सुका जवळा. आयुष्यात पहिल्यांदा ती शेतमालकीण म्हणून कुणाला वाढत होती. काकी बांधावर बसून दोनदा मागून जेवली.

त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून डॉक्युमेंटरी करणारी मंडळी आली. अशा साखळी कंपन्यांवरच त्यांची फिल्म होती. एका मित्राने माझा नंबर दिला होता आणि मी हुरळून गेलो. म्हटलं चला, कुणीतरी विचारतंय. आता काकी कॅमेऱ्यासमोर त्या सरचे वाभाडे काढेल आणि दोष कुणाचा ते एकदाचं जगाला कळेल. दोन दिवस बसून तिची तयारी करून घेतली. गाढवापुढे वाचली गीता! दिग्दर्शक बाईंनी विचारलं, "काकी, तुमची फसवणूक कशी झाली?"

"माझी नाय झाली. मी केली," काकी म्हणाली, आणि लागली सांगायला, कुणाच्या शेतावर किती दिवस झाले आणि किती राहिले.

बाई शांतपणे ऐकत होत्या. धीर निघेना तो मला. दहा मिनिटं झाली तरी कंपनीचं नाव नाही. काकी म्हणाली, "आनि ते ओढ्याकडचं खाचर..." आणि मी मध्येच तोंड घातलं. "काकी, ते राहू दे. कंपनीचं बोल." कॅमेरावाल्यालाही हाताने थांब म्हणालो. काकीने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि कॅमेरा परत सुरू झाल्यावर मी शिकवलेलं सगळं पोपटासारखं बोलून दाखवलं.

त्या कापणीला तिचे सगळ्यांकडचे दिवस भरले. सोमीकडे तर एक जास्तच झाला. दोन लावण्या, दोन कापण्या, म्हणजे चार. सोमी म्हणाली, "काकी, तीनच व्हतं." काकी म्हणाली, "चवथा फिरता राहू दे. आता तू देशील मला." सोमी हसली. तिला असं आधी कुणी म्हटलेलं नव्हतं.

फिल्म थंडीत शाळेच्या वर्गात दाखवली. वाईट नव्हती, उगाच कशाला बोलू. कायदा, आकडे, सगळं बरोबर. काकी त्यात जेमतेम मिनिटभर, चिखलात वाकलेली, मागे रडवी बासरी, आणि खाली लिहिलेलं, 'एक पीडित महिला'. दिवे लागल्यावर काकी मोठ्याने म्हणाली, "ती रडकी म्हातारी कोन व्हती रं?" बाया पोट धरून हसल्या. चंद्री हसता हसता तिच्या मांडीवर थाप मारून गेली. इतक्या दिवसांनी काकीभोवती अशा दाटीवाटीने बसलेल्या बाया मी पाहिल्या, आणि मला बरं वाटलं. फिल्मपेक्षा ते बरं होतं.

उन्हाळ्यात काकी गेली. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. बाई कुणाला त्रास द्यायची नाही म्हणे! हा एवढा त्रास दिला असता तर काय बिघडलं असतं?

तिचा मुलगा बाळ्या बदलापूरला असतो. माणूस वाईट नाही. त्याने शेत विकायला काढलं. बंगले बांधून शनिवार-रविवारवाल्यांना विकणारा एक जण घ्यायला तयार होता, पण त्याला जमीन सलग हवी होती. मी खाचराचं बोललो. बाळ्या म्हणाला, "दादा, मी नाय म्हनत नाय. आयनं दिलं असंल. पण कागद हाय का?" बाकीच्या एकवीस बाया त्याच्या दारात जमल्या. त्या म्हणाल्या, काकी तिथं सावडीला जायची, आमी डोळ्यानं बघितलं. सोताच्या शेतावर कोनी सावडीला जातं का? आमच्या गावात ह्याहून पक्का पुरावा नाही. पण बायांच्या बोलण्याने सातबारा हलत नाही. बाळ्या शेवटी म्हणाला, "आयच्या तोंडचं एक वाक्य दाखव मला. ते खाचर सोडून बाकीचं घे, असं मी त्याला सांगतो. पुराव्याबिगर मी व्यवहार मोडनार नाय."

आणि मला फिल्म आठवली. मी दिग्दर्शक बाईंना फोन केला. भल्या बाई, तीन दिवस शोधून न वापरलेला तुकडा त्यांनी पाठवला. बाळ्या आणि मी काकीच्याच ओटीवर बसून मोबाइलवर पाहिला. काकी बोटं मोजत दिवस सांगते आहे. मग म्हणते, "आनि ते ओढ्याकडचं खाचर..." मग माझा आवाज. "काकी, ते राहू दे." मग काळं. बाळ्या मोबाइल माझ्या हातात देऊन आत गेला. इतकी वर्षं मी सरला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, बायांना घातल्या, काकीलाही सोडलं नाही. त्या दिवशी शिव्या घालायला मी एकटाच उरलो होतो.

पावसाआधी जाळीचं कुंपण पडलं. ओढ्याकडच्या खाचरात मुरूम ओतला.

लावणी सुरू झाली आणि एका सकाळी सोमी आमच्या दारात उभी. मला वाटलं, खाचराबद्दल बोलायला आली. मी आपण होऊनच म्हणालो, "सोमे, माझं चुकलं गं."

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "काकीचा एक दिवस माझ्यावर ऱ्हायलाय. ती गेली, तिचं शेत गेलं. कुनाच्या शेतावर भरू?"

सुनंदा आतून आली आणि म्हणाली, "काकी आमचीच होती. आमच्याकडे भर."

सोमी दिवसभर राबली. संध्याकाळी मी मजुरी पुढे केली, तर तिने हात पदरात घेतले. "मजुरीला नाय आले मी." ती वाडीच्या वाटेला लागेपर्यंत मी पैसे हातात धरून दारातच उभा होतो, मूर्खासारखा.

जेवताना सुनंदा म्हणाली, "काकीचा दिवस आपल्या शेतात आला. आता तो आपल्यावर."

"मला कळतं," मी म्हणालो. "पण द्यायचा कुणाला? सोमीला शेत नाही."

"आपली सात खाचरं आहेत."

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. काकीला मी वेडी म्हणालो होतो, तेही एका खाचरासाठी. बापजाद्यांची जमीन, भाऊ काय म्हणेल, पोरांचं काय, सगळं तोंडाशी आलं. चांगली चार-पाच कारणं होती, आणि सगळी बरोबर होती. सुनंदाने ती ऐकून घेतली, मला भात वाढला, आणि विचारलं, "ह्या वेळी कागद करायचा. कुठे होतो तो, कर्जतला?"